थॉम्पसन विरुद्ध थॉम्पसन: नवऱ्याच्या मारहाणीची भरपाई बायकोला मागता येते का?

वॉशिंग्टनमधल्या जेसी थॉम्पसन या बाईंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या नवऱ्यावर, चार्ल्स थॉम्पसनवर, दिवाणी दावा लावला. दाव्यात सात कलमं, म्हणजे सात वेगळे आरोप, होते आणि सगळ्यांचा विषय एकच होता, मारहाण. भरपाई मागितली होती एकूण ७०,००० डॉलर. नवऱ्याला तुरुंगात टाका, असं त्या दाव्यात म्हटलेलं नव्हतं. काडीमोडही मागितलेला नव्हता. या माणसाने माझ्या शरीराला इजा केली आहे, तिची भरपाई त्याच्याकडून मिळावी, एवढंच मागणं होतं. हीच मारहाण शेजाऱ्याने किंवा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने केली असती, तर दावा चालतो की नाही हा प्रश्नच निघाला नसता.

खालच्या कोर्टाने दावा चालणार नाही असं सांगितलं. अपिलातही तेच झालं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १२ डिसेंबर १९१० रोजी चार विरुद्ध तीन मतांनी बाई हरल्या. नऊ जणांच्या न्यायालयात त्या वेळी सातच न्यायमूर्ती उरले होते. सरन्यायाधीश फुलर जुलैत वारले होते आणि न्यायमूर्ती मूडी आजारपणामुळे नुकतेच निवृत्त झाले होते. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर अमेरिकेतल्या बायकांचा पुढच्या अर्धशतकाचा इतिहास वेगळा झाला असता.

या तीनही पायऱ्यांवर बाईंना खरंच मार बसला होता का, याची चौकशी झालीच नाही. साक्षी झाल्या नाहीत, डॉक्टर बोलावले गेले नाहीत. दावा कायद्याच्या एकाच मुद्द्यावर अडला: लग्नाच्या बायकोला लग्नाच्या नवऱ्याकडून इजेची भरपाई मागता येते का? म्हणजे सातही कलमांतला शब्द न् शब्द खरा धरला, तरी न्यायालयाचं उत्तर ‘नाही’ असंच होतं. या निकालाचा विचार करताना ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते.

कायद्यात लिहिलं होतं काय?

वॉशिंग्टन शहर ज्या कोलंबिया जिल्ह्यात येतं, तिथला कायदा थेट अमेरिकेची संसद करते. १९०१ च्या तिथल्या संहितेतलं कलम ११५५ या खटल्याच्या मध्यभागी होतं. त्याचा आशय असा: विवाहित स्त्रीला व्यवसाय करता येईल, करार करता येतील, त्या करारांवर स्वतःच्या नावाने दावा लावता येईल. आपल्या मालमत्तेच्या वसुलीसाठी आणि रक्षणासाठी तिला दावा लावता येईल. आणि तिच्याविरुद्ध झालेल्या अपकृत्यांबद्दलही लावता येईल, जणू ती अविवाहित आहे इतक्या पूर्णपणे आणि मोकळेपणाने.

अपकृत्य म्हणजे दिवाणी स्वरूपाची इजा: मारहाण, बदनामी, हयगयीने केलेला अपघात, असं सगळं. बाईंचा युक्तिवाद सरळ होता. मारहाण हे अपकृत्य आहे आणि ते माझ्याविरुद्ध झालं आहे. मी अविवाहित असते तर या माणसावर दावा लावू शकले असते, आणि कायदा म्हणतो की मला अविवाहितेइतकाच हक्क आहे.

मग अडलं कुठे? तर मागच्या शतकांच्या ओझ्यात. इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार लग्न लागलं की नवरा-बायको कायद्याच्या नजरेत एकच व्यक्ती होत. ब्लॅकस्टोनने १७६५ मध्ये इंग्लिश कायद्यावरच्या आपल्या भाष्यात लिहून ठेवलं होतं की लग्न टिकून आहे तोवर स्त्रीचं कायदेशीर अस्तित्वच स्थगित होतं. दोघं मिळून जी एक व्यक्ती होत असे, ती अर्थातच नवरा. बायकोची जंगम मालमत्ता त्याची, तिची कमाई त्याची. तिला कोणी तिसऱ्याने मारलं तरी दावा लावायला नवरा सोबत वादी म्हणून हवा, आणि मिळालेली भरपाई त्याच्याच खिशात जाणार. अशा व्यवस्थेत तिने नवऱ्यावरच दावा लावला, तर वादीच्या बाजूला नवरा, प्रतिवादीच्या बाजूलाही नवरा आणि पैसे घेणाराही नवराच. त्या चौकटीत तो दावा खरोखर निरर्थक होता.

पण ती चौकट १९१० पर्यंत मोडीत निघाली होती. मिसिसिपीने १८३९ मध्ये, न्यूयॉर्कने १८४८ मध्ये आणि मग एकामागून एक राज्यांनी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे केले. कलम ११५५ त्याच वाटेवरचं होतं. घर पाडून झालं होतं. वाद होता तो जुन्या घराची एक भिंत उभीच आहे असं धरून चालायचं की नाही, इतकाच.

चौघांचं म्हणणं

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती विल्यम डे यांनी लिहिला. त्यांचं पहिलं म्हणणं कायद्याच्या अर्थाबद्दलचं. हे कलम बायकोला नवऱ्याला सोबत न घेता दावा लावता यावा यासाठी आहे. खुद्द नवऱ्यावरच दावा लावता यावा, हा मोठा आणि दूरगामी बदल आहे, आणि असा बदल संसदेला करायचा असता तर तिने तो स्वच्छ शब्दांत केला असता.

हे वाचून मी प्रत्येक वेळी थबकतो. ‘तिच्याविरुद्ध झालेली अपकृत्यं’ आणि ‘अविवाहित असल्याप्रमाणे’ याहून स्वच्छ काय लिहायचं? ‘नवऱ्याने केलेली धरून’ असे आणखी चार शब्द नसल्यामुळे हक्क बुडतो, असं म्हणणाऱ्या न्यायालयाने आपला निष्कर्ष आधी ठरवला आणि कायदा नंतर वाचला, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं म्हणणं परिणामांबद्दलचं होतं. अशा दाव्यांना परवानगी दिली तर नवरा-बायकोच्या एकमेकांवरच्या हर तऱ्हेच्या आरोपांना कोर्टाची दारं उघडी होतील. मारहाणीच्या, निंदानालस्तीच्या, मालमत्तेच्या नुकसानीच्या तक्रारी लोकांसमोर येतील. समाजाच्या आणि घराच्या शांततेला त्याने धक्का बसेल. आपल्याकडे ‘घरातली भांडणं चव्हाट्यावर नकोत’ म्हणतात, तेच हे.

तिसरं म्हणणं असं की बाई निराधार नाही. तिला फौजदारी कोर्ट आहे. घटस्फोट आणि पोटगीचा मार्ग आहे. स्वतःच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी न्यायालय आहे. या तिसऱ्या म्हणण्यावर थोडं थांबायला हवं, कारण आजही, अगदी आपल्या कुटुंब न्यायालयाच्या आवारातही, हाच युक्तिवाद वेगळ्या तोंडांनी ऐकू येतो: ‘कायदे काय कमी आहेत बायकांना?’

फौजदारी कोर्टात जाऊन जेसीबाईंना काय मिळालं असतं? नवऱ्याला दंड झाला असता तर तो सरकारच्या तिजोरीत गेला असता. तुरुंगवास झाला असता तर घरात येणारा पैसा थांबला असता. मोडलेल्या हाडाचा खर्च, बुडालेली कमाई, सोसलेलं दुखणं यांतलं काहीही फौजदारी निकालाने भरून निघत नाही. शिवाय तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. बंद दाराआड झालेल्या मारहाणीला साक्षीदार कुठून आणायचा? दिवाणी दाव्यात पुराव्याचं पारडं आपल्या बाजूला झुकलं की पुरतं.

घटस्फोटाचं पाहू. त्या काळी कोलंबिया जिल्ह्यात संपूर्ण घटस्फोट फक्त व्यभिचाराच्या कारणावरून मिळत असे. मारहाण करणाऱ्या पण व्यभिचार न करणाऱ्या नवऱ्यापासून बायकोला फार तर वेगळं राहण्याचा आदेश मिळे. विवाहबंधन कायमच. म्हणजे न्यायालय जो मार्ग दाखवत होतं, तो मारहाणीच्या कारणासाठी पुरता खुलाच नव्हता. आणि खुला असता तरी? पोटगी तिच्या उद्याच्या चरितार्थासाठी असते. काल झालेल्या इजेचा हिशेब पोटगीत नसतो. नवऱ्याने मारलं असो वा नसो, गरज असेल तर पोटगी मिळतेच. मग मारल्याबद्दल वेगळं काय मिळालं? काहीच नाही.

राहता राहिली मालमत्ता. आणि इथेच बहुमताचा युक्तिवाद स्वतःच्याच पायात अडकला.

हार्लन यांचं उत्तर

न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी विरोधी मत लिहिलं. ऑलिव्हर वेंडेल होम्स आणि चार्ल्स इव्हान्स ह्यूज त्यांच्यासोबत होते. १८९६ मध्ये गोऱ्या-काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे ठेवणं घटनेत बसतं असं त्याच न्यायालयाने ठरवलं, तेव्हा एकट्याने विरोध करणारे न्यायमूर्ती ते हेच.

हार्लन यांचा मुद्दा असा की बायकोची वस्तू नवऱ्याने अडकवून ठेवली तर या कलमाखाली ती त्याच्यावर दावा लावू शकते, हे सगळ्यांनाच मान्य आहे. ती वस्तू आणि अडकवून ठेवल्याची भरपाई, दोन्ही तिला मिळेल. मग त्याच वाक्यात, त्याच शब्दांनी दिलेला दुसरा हक्क, म्हणजे शरीराला झालेल्या इजेबद्दलचा हक्क, तेवढा नवऱ्यापुरता लंगडा कसा होतो? मालमत्तेसाठी नवऱ्यावर दावा लावू द्यायचा आणि शरीरासाठी नाकारायचा, असं संसदेच्या मनात असेल यावर माझा विश्वास बसत नाही, असं त्यांनी लिहिलं. परिणाम चांगले की वाईट हे पाहणं संसदेचं काम आहे. न्यायालयाने कायद्यात जे लिहिलं आहे ते अमलात आणावं.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते पाहा. नवऱ्याने बायकोची खुर्ची लपवली तर कोर्टाचं दार उघडं. तीच खुर्ची त्याने तिच्या डोक्यात घातली तर दार बंद. पहिल्या दाव्याने घराची शांतता भंगत नाही आणि दुसऱ्याने भंगते, असं मानायला काय आधार आहे? घराची शांतता दावा दाखल होण्याच्या कितीतरी आधी भंगलेली असते, जेव्हा पहिला हात उचलला जातो तेव्हाच. सुखाने नांदणारी बायको सात कलमांचा दावा लिहून कोर्टात जात नाही. जी जाते तिचं घर आतून कोसळून गेलेलं असतं. शांततेच्या नावाखाली न्यायालयाने घर वाचवलं नाही. मारणाऱ्याचा पैसा तेवढा वाचवला.

मुंबईतलं एक जुनं प्रकरण इथे आठवतं

नवरा-बायकोची भांडणं कोर्टात येऊ नयेत ही काळजी खरी असती, तर ती दोन्ही बाजूंनी दिसली असती. पण तशी ती दिसत नाही. थॉम्पसन निकालाच्या पंचवीसेक वर्षं आधी मुंबई उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई यांच्यावर दावा लावला होता, तिने आपल्याकडे नांदायला यावं म्हणून. अकराव्या वर्षी लग्न झालेली, त्या घरी कधी न राहिलेली ही मुलगी जायला तयार नव्हती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. असे दावे इंग्लंडमधून आले आहेत, हिंदू धर्मशास्त्रात त्यांना आधार नाही, असं त्यांनी नोंदवलं. अपिलात तो निकाल उलटला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २,००० रुपये घेतले आणि हक्क सोडला. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

दोन देशांतली दोन प्रकरणं, पण कायद्याचं कूळ एकच, इंग्लिश. नवरा बायकोला घरी ओढून आणायला कोर्टात जातो तेव्हा कौटुंबिक शांतता आड येत नाही. बायको त्याच घरात खाल्लेल्या माराची भरपाई मागायला जाते तेव्हा मात्र येते. हे लक्षात घेतलं की न्यायमूर्ती डे यांच्या दुसऱ्या युक्तिवादाचं वजन माझ्यापुरतं तरी संपतं.

निकालानंतर

थॉम्पसन निकाल कोलंबिया जिल्ह्याच्या कायद्याबद्दल होता. राज्यांवर तो बंधनकारक नव्हता. तरी सर्वोच्च न्यायालयाचं नाव मोठं. कित्येक राज्यांच्या न्यायालयांनी त्याचा हवाला देऊन बायकांचे दावे परत पाठवले. पण भिंतीला तडाही लवकरच गेला. चारच वर्षांत, १९१४ मध्ये, कनेक्टिकटच्या न्यायालयाने नवऱ्याविरुद्धचा मारहाणीचा दावा चालेल असं ठरवलं. त्याच वर्षी ओक्लाहोमात नवऱ्याने बंदुकीने गोळी घातलेल्या बायकोचा दावा मान्य झाला. कॅलिफोर्नियाला मात्र १९६२ उजाडावं लागलं. त्या प्रकरणातल्या बाईचा आरोप होता की नवऱ्याने तिचा हात मोडला. फ्लोरिडाने ही जुनी ढाल पूर्णपणे टाकली ती १९९३ मध्ये, नवऱ्याने कोयत्यासारख्या हत्याराने केलेल्या हल्ल्याच्या प्रकरणात. मेरीलँडने २००३ मध्ये. जॉर्जियाच्या कायद्यात तर आजही कलम आहे की १९८३ पूर्वी होतं तसं हे संरक्षण चालू राहील.

इंग्लंडने, जिथून हे सगळं आलं, १९६२ मध्ये कायदा करून नवरा-बायकोला एकमेकांवर अपकृत्याचा दावा लावायची मोकळीक दिली. त्यात एक शहाणी तरतूद ठेवली: दोघांचं लग्न टिकून असेल आणि दावा चालवून कोणाचाही ठोस फायदा होणार नसेल, तर न्यायालय तो थांबवू शकेल. मला ही तरतूद फार आवडते. न्यायमूर्ती डे यांना ज्या क्षुल्लक दाव्यांची भीती होती, त्यांवरचा उपाय एका वाक्यात बसला. त्यासाठी सगळ्यांनाच दार बंद करायची गरज नव्हती.

ज्या हरकतींत तथ्य आहे

सगळ्याच हरकती पोकळ आहेत असं मी म्हणणार नाही. तीन गोष्टींचा नीट विचार व्हायला हवा.

पहिली, विम्याची. मोटारी आल्यावर प्रश्नाचं रूपच बदललं. नवऱ्याच्या हयगयीने गाडी आदळली आणि शेजारी बसलेल्या बायकोला इजा झाली, तर ती नवऱ्यावर दावा लावते पण पैसे विमा कंपनी देते. मग दोघं संगनमत करतील, नवरा मुद्दाम चूक कबूल करील, अशी भीती न्यायालयांना वाटू लागली. गंमत म्हणजे आधी हीच न्यायालयं सांगत होती की दाव्यामुळे दोघांत वैर येईल. वैराची आणि संगनमताची भीती एकाच नियमाला आधार देऊ शकत नाही. तरीही लबाडीची शक्यता खरी आहे. पण ती बाप-लेकांत, भावाभावांत, मित्रांतही असते. तिथे न्यायालयं पुरावा तपासतात, दावाच नाकारत नाहीत.

दुसरी हरकत मानसिक त्रासाच्या दाव्यांची. संसारात टोमणे असतात, अबोला असतो, रागाच्या भरात बोललेले शब्द असतात. या सगळ्याची किंमत कोर्टाने लावायची ठरवली तर पार नाही. न्यू मेक्सिकोच्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये एका बाईला मानसिक छळाबद्दल मिळालेली भरपाई रद्द केली, आणि अशा दाव्यांत वागणूक अतिशय टोकाची असल्याशिवाय न्यायालयांनी हात घालू नये असा इशारा दिला. हा इशारा मला पटतो, पण अर्धाच. वर्षानुवर्षं चाललेला, हेतूपूर्वक केलेला मानसिक छळ आणि एखाद्या दिवसाची धुसफूस यांत फरक करणं अवघड असेल, अशक्य नाही. न्यायाधीश एरवी रोज असेच फरक करत असतात.

तिसरी हरकत सगळ्यात व्यावहारिक: पैसा येणार कुठून? दोघांची मिळकत एकत्र असेल, तर भरपाई एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकल्यासारखी होते. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईक मानली जाते, त्यामुळे तिथे हा अडथळा खरा होता. १९५७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने शारीरिक इजेची भरपाई ही त्या जोडीदाराची स्वतंत्र मालमत्ता ठरवली, आणि १९६२ च्या निकालात न्यायालयाने याचा आधार घेतला. हे वाचताना गोव्याची आठवण होते. पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा असलेल्या तिथल्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक असते, निम्मी-निम्मी. तिथे भरपाई सामाईक मिळकतीतून दिली, तर बायको स्वतःच्याच निम्म्या वाट्यातून स्वतःला भरपाई देते असं होईल. वसुली नवऱ्याच्या वाट्यातूनच झाली पाहिजे, आणि वकिलाने ते मागणीत स्पष्ट लिहायला हवं.

आपल्या कायद्यात

आपल्याकडे थॉम्पसनसारखी भिंत कधी नव्हती. हिंदू धर्मशास्त्राने बायकोचं वेगळं अस्तित्व पुसलं नाही. तिच्यावर बंधनं कितीही घातली असली तरी स्त्रीधन तिचंच राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट केलं की स्त्रीधनावर पत्नीची पूर्ण मालकी असते आणि ते परत न देणारा नवरा विश्वासघाताच्या गुन्ह्याला पात्र ठरू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९ सांगतं की मनाई नसेल तर दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक दावा कोर्टाने चालवायचा. नवरा-बायकोसाठी सरसकट मनाई करणारं कलम कुठेही नाही. म्हणजे नवऱ्यालाही, बायकोने केलेल्या इजेबद्दल किंवा बदनामीबद्दल, हाच रस्ता मोकळा आहे, आणि तो असायलाच हवा.

तरी अशा दाव्यांची वाट आपल्याकडे रुळली नाही, कारण ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हा सल्ला माहेरी, सासरी आणि वकिलाच्या कचेरीतही मिळतो. हुंडा, घटस्फोट, पोटगी आणि १९८३ नंतर चारशे अठ्ठ्याण्णव-अ (बायकोच्या छळाबद्दलचं दंड संहितेतलं कलम, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), या चार शब्दांत सगळं बोलणं आटोपतं. झालेल्या इजेची भरपाई हा पाचवा विषय निघतच नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, हा विषय कायद्याच्या मजकुरात आणला. कलम २२ म्हणतं की दंडाधिकारी इतर सवलतींशिवाय, हिंसाचारामुळे झालेल्या इजेबद्दल, मानसिक छळ आणि भावनिक त्रास धरून, नुकसानभरपाई द्यायला लावू शकतात. कलम १२(२) त्याहून महत्त्वाचं आहे, आणि त्याच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. तिथे म्हटलंय की अर्जात भरपाई मागितली म्हणून वेगळा दिवाणी दावा लावायचा हक्क जात नाही. दोन्हीकडे रक्कम मिळाली तर एक दुसऱ्यातून वजा होईल. म्हणजे पत्नी नवऱ्यावर भरपाईचा दावा लावू शकते हे आपल्या संसदेने गृहीतच धरलं आणि दुहेरी वसुलीचा प्रश्नही त्याच वाक्यात सोडवला. जेसी थॉम्पसनबाईंना जे चार शब्द मिळाले नाहीत, ते इथे लिहिलेले आहेत.

अडचण आता पुढची आहे. अर्जात कलम १८ पासून २२ पर्यंत सगळ्या सवलती एका दमात मागितल्या जातात, युक्तिवाद पोटगीवर होतो आणि भरपाई शेवटच्या ओळीत एखाद्या गोल रकमेने उरकली जाते किंवा पोटगीतच विरघळून जाते. हे चुकीचं आहे. थॉम्पसन निकालात पोटगी हेच भरपाईचं उत्तर मानलं गेलं. तीच चूक आपण कायदा बाजूने असताना करतो.

याच्या उलट कसं व्हावं याचं उदाहरण मुंबईतच आहे. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती शर्मिला देशमुख यांनी एका पत्नीला खालच्या कोर्टाने कलम २२ खाली दिलेली ३ कोटी रुपयांची भरपाई कायम केली. दरमहा दीड लाखाची पोटगी त्याशिवाय वेगळी होती. भरपाई फक्त शारीरिक इजेची नसते, मानसिक छळाचा आणि त्यातून खचलेल्या आत्मसन्मानाचाही तीत विचार होतो, हे निकालात स्पष्ट झालं. रक्कम मोठी होती कारण घर संपन्न होतं. पण रकमेपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते पोटगी एका खात्यात आणि इजा दुसऱ्या खात्यात मांडणं. रोजंदारीवरच्या माणसाकडून तीन कोटी सोडा, तीस हजार वसूल होणंही कठीण, हे मला दिसतं. हा हक्क पैसेवाल्या घरांत जास्त चालेल. तरी मोडलेल्या हाताचा दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी लहान रकमेचीही मागता येते, आणि मागायला हवी.

त्यासाठी अर्ज लिहिताना काही गोष्टी करता येतात. भरपाईची मागणी स्वतंत्र परिच्छेदात, पोटगीपासून वेगळी लिहावी. प्रत्येक प्रसंगाची तारीख, निदान महिना-वर्ष आणि जागा द्यावी. थॉम्पसनबाईंच्या दाव्यातली सात कलमं या दृष्टीने आजही नमुना आहेत. दवाखान्याची कागदपत्रं, पोलीस ठाण्यातल्या अदखलपात्र तक्रारीची प्रत, संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल, बुडालेल्या कामाच्या दिवसांचा दाखला सोबत जोडावा. रक्कम कशी काढली याचा हिशेब द्यावा: औषधोपचार किती, बुडालेली कमाई किती, आणि त्रासाबद्दल म्हणून किती. दंडाधिकाऱ्यांपुढे भरपाई मिळाली नाही किंवा अगदीच तुटपुंजी मिळाली, तर दिवाणी दाव्याचा रस्ता कलम १२(२) मुळे शाबूत राहतो. महाराष्ट्रात १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे, हे वकिलाला आठवणीने सांगावं. मुदतीकडे मात्र लक्ष हवं. बदनामीच्या दिवाणी दाव्याला एकच वर्ष मिळतं, मारहाणीच्या भरपाईला साधारण तीन. तडजोडीच्या बोलण्यांत ती वर्षं सहज निघून जातात.